गुडघ्याची वाटी समोर

अंबाजोगाईतल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी गेली वीस-बावीस वर्षं एक्स-रे काढतो. सकाळी घाटनांदूरहून येतो, संध्याकाळी परत जातो. वडिलांचं गावात किराणा दुकान होतं. कपाळाला भस्म लावून ते गल्ल्यावर बसत, आणि मीही तिथंच बसावं अशी त्यांची फार इच्छा होती. पण मला माणसांशी गोड बोलणं जमत नाही, आणि दुकान चालतं ते गोड बोलण्यावर. इथं बरं आहे. इथं माणसांना दोनच गोष्टी सांगायच्या असतात, असे उभे राहा आणि हलू नका. ज्यांना जमत नाही त्यांच्यावर मी ओरडतो आणि पुन्हा काढतो.

आमच्याकडे ताजी मोडलेली हाडं येतात, तशी चुकीची जुळलेलीही येतात. खरा ताप या दुसऱ्यांचा. महिना-दीड महिना बांबूच्या कामट्या बांधून पडलेला माणूस एक दिवस उठून चालायला लागतो, घरचे देवाला नारळ फोडतात, आणि मग हळूहळू कळायला लागतं की पाऊल भलतीकडेच बघतंय, चप्पल एकाच बाजूनं झिजतेय, कंबर धरतेय. हाडवैद्यांना मी शिव्या देत नाही. त्यांच्या हातची कितीतरी मनगटं नीट जुळलेली मी माझ्या काचेवर पाहिली आहेत. पण नडगीचं हाड आडवं-तिडवं मोडलेलं असलं तर ते धरून ठेवणं कामट्यांच्या आवाक्यातलं नसतं, आणि आमच्याकडे लोक कामट्या सुटल्या की पाय बरा झाला असंच धरून चालतात.

वाकडा जुळलेला पाय सरळ करायचा म्हणजे जुळलेलं हाड मुद्दाम पुन्हा कापायचं. हे ऐकल्यावर अर्धे लोक खुर्चीवरून उठतात. पण कापण्यापेक्षा कापण्याआधीचं काम मोठं. पाय कुठं वाकलाय, किती वाकलाय, आखूड किती झालाय आणि पीळ किती पडलाय, हे सगळं आधी ठरवावं लागतं. आमचे डॉक्टर यात फार काटेकोर. खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा उभ्यानं फोटो घ्यायचा. आखूड पायाखाली लाकडी ठोकळे सरकवत कंबर दोन्ही बाजूंनी सारखी करायची. फोटो हातात आला की डॉक्टर त्यावर रेघा मारतात, पातळ कागदावर हाड गिरवतात, ते कात्रीनं कापतात आणि कागदाचे दोन तुकडे टेबलावर सरकवत, फिरवत बसतात. तासभर शिंप्याच्या दुकानात असल्यासारखं चालतं. त्या वेळी आत कुणी गेलेलं त्यांना खपत नाही.

या सगळ्याचा पाया एकाच नियमावर उभा आहे. फोटो काढताना गुडघ्याची वाटी समोर पाहिजे. पाऊल कुठंही बघू दे, वाटी समोर. पाय वाकडा असलेला माणूस पाऊल सरळ करून उभा राहतो, कारण लोक पाऊल बघतात. तसं केलं की गुडघा आत वळतो. अशा फोटोत वाक वेगळाच दिसतो आणि हाडाचा पीळ तर दिसतच नाही. आणि डॉक्टर कात्री चालवणार ती त्या फोटोवर. हे त्यांनी मला कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्याच पायावर करून दाखवलं होतं. मी नंतर दोघा-तिघांना हे काम शिकवलं तेव्हा सुरुवात यापासूनच केली, आणि चढ्या आवाजात केली.

तरी मी ते चुकवलं. ती बाई उन्हाळ्यात आली होती, नवऱ्याबरोबर. असेल पंचवीस-सव्वीसची. माहेर दिंद्रुडच्या बाजूचं, सासर डोंगरपट्ट्यातलं. दोघंही ऊसतोडीला जाणारे. हिवाळ्यात तिकडं कारखान्याच्या भागात, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ती ट्रकला लावलेल्या तिरप्या फळीवर चढत होती आणि दवानं ओल्या झालेल्या फळीवरून घसरून खाली आली. उजव्या पायाची नडगी मोडली.

डॉक्टरांनी मला ठोकळे घेऊन आत बोलावलं होतं, म्हणून पुढचं बोलणं मी कानांनी ऐकलं.

"कधी मोडला?" डॉक्टरांनी विचारलं.

"संक्रांतीच्या आधी, सायेब," नवरा म्हणाला. मऊ आवाजाचा माणूस होता. "मुकादमानं तिकडल्याच हाडवैद्याकडं नेलतं. कामट्या बांधल्या त्यानं. महिन्यानं सोडल्या."

"आणि पाय टेकवला कधी?"

"सोडल्या त्याच दिशी."

"कावून टेकवला पण?" डॉक्टर इथलेच असल्यानं चिडले की त्यांची बोली वर येते.

उत्तर बाईनं दिलं. "बसून किती ऱ्हायचं? वाढं बांधत होते बसल्या बसल्या. मग उठले." वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांसाठी विकायचे. पुढं तिनंच विचारलं, "दसऱ्यापतूर फळी चढता यील का मला?"

"बाई, आधी नीट चालायचं बघू."

"चालता येतंय मला. फळीचं सांगा."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं ते तेव्हा. नवरा मान खाली घालून बसला होता. मग तो पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेला, आणि तो गेल्यावर तिनं जे सांगितलं ते सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीचं काम जोडीला मिळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम सहसा घेत नाही, कारण एकानं तोडायचं आणि दुसऱ्यानं मोळ्या बांधून वाहायच्या, असं ते काम आहे. पुढचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होणार. तोवर हिचा पाय झाला नाही तर सासूनं दुसरं ठरवून ठेवलं होतं. हिच्याच धाकट्या बहिणीला त्याच घरात द्यायचं, म्हणजे कोयता पुरा होईल. माहेरच्यांनी ना हो म्हटलं होतं ना नाही. पण त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ हिला कळत होता.

"नववीत हाय ती," बाई म्हणाली. "लई हुशार न्हाई, पण जाती शाळंत. माझा पाय झाला तर ती सुटती."

डॉक्टर काही वेळ बोटांनी टेबल वाजवत राहिले. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. याच आठवड्यात ऑपरेशन केलं, हाड अगदी नीट बसलं आणि वेळेवर जुळलं, तर दिवाळीच्या आसपास डोक्यावर वजन घेता येईल, असं त्यांनी सांगितलं. "पण एकाच दमात सगळं बरोबर व्हायला पाहिजे. पुन्हा कापाकापी करायला मधे दिवस नाहीत," हेही सांगितलं. तिनं मान हलवली. मला वाटतं त्या खोलीत तिलाच ते सगळ्यात आधी समजलं होतं.

एरवी बायकांच्या तपासणीला आमच्या दवाखान्यातली मावशी जवळ उभी असते. म्हातारी आहे, तोंडानं फटकळ, पण बायका तिच्यासमोर मोकळ्या होतात. त्या दिवशी मावशी नातीच्या बारशाला गेली होती. पायाचा पीळ बघायचा तर रोग्याला पालथं झोपवून गुडघा वाकवतात आणि पावलाचा तळवा कुठं बघतोय ते पाहतात. मावशी नाही म्हणून डॉक्टरांनी तेवढं राहू दिलं. म्हणाले, फोटोत कळेल. मग तिला माझ्याकडे पाठवलं.

आता मी जे लिहितोय ते कुणाला साधंसं वाटेल. तसं ते साधंच आहे.

ती भिंतीजवळच्या लाकडी पायरीवर उभी राहिली. नऊवारी नाही, साधी पाचवारी, घोट्यापर्यंत. नवरा दाराबाहेर. मी म्हणालो, "गुडघे समोर करा." तिनं दोन्ही पावलं समोर करून जवळजवळ जुळवली. मी म्हणालो, "साडी जरा वर घ्या." तिनं ती अर्ध्या नडगीपर्यंत उचलली आणि थांबली. "एवढी बास का?" तिनं विचारलं.

पुरुष असता तर मी लुंगी मांडीपर्यंत उचलायला लावली असती, गुडघा हातात धरून फिरवला असता आणि वर दोन शब्द सुनावले असते. तिच्याकडे बघून मला ते जमलं नाही. घरंदाज बाई, दारात नवरा, खोलीत परका पुरुष, मावशी नाही. माझ्या मनात त्या क्षणी पायाचा विचार नव्हता, माझ्या सभ्यपणाचा होता. आमच्या दवाखान्यात आणि गावातही माझं तोंड तिखट म्हणून जसं नाव आहे, तसं बायका-पोरींच्या बाबतीत माणूस सरळ आहे म्हणूनही आहे. त्या नावाची मला चटक आहे. आज दिवसभर थांबा, उद्या मावशी येईल, तेव्हा काढू, एवढं म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण त्यांची जीप निघायची होती आणि मलाही उरकायचं होतं.

"बास," मी म्हणालो.

कापडाआडून वाटी कुठं असेल याचा मी अंदाज केला. पावलं समोर होती म्हणून वाटीही समोर असेल असं धरलं, म्हणजे जी चूक मी दुसऱ्यांना करू नका म्हणून ओरडून सांगतो तीच केली. मी यंत्राच्या मागं जात असताना तिनं मला विचारलं, "फोटोत पाय सरळ दिसंल का?" मी दिसेल म्हणालो. रोगी काहीही विचारतात आणि मी काहीही उत्तर देतो.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. आत मोठं फिरतं एक्स-रे यंत्र मीच चालवतो, त्यामुळं मी तिथं होतो. डॉक्टरांनी कागदावर ठरवलं होतं तसं हाड कापलं, पाचर काढली, वाक सरळ केला, धातूची पट्टी बसवली, स्क्रू आवळले. पडद्यावर हाड छान सरळ दिसत होतं. त्यांचा हात चांगला आहे, त्याबद्दल मी कुणापुढंही बोलेन. शेवटी जखम शिवून झाली आणि निर्जंतुक चादरी बाजूला झाल्या, तेव्हा मला पहिल्यांदा तिचा अख्खा पाय दिसला. मांडीपासून बोटांपर्यंत, उघडा.

वाटी छताकडे होती आणि पाऊल भिंतीकडे.

डॉक्टरांनीही ते पाहिलं. निजलेल्या माणसाचा पाय जरा बाहेर कलंडतोच, म्हणून त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरून नीट वर केला आणि पुन्हा पावलाकडे पाहिलं. मग डाव्या पायाचं तसंच केलं. डावं पाऊल थोडंसं बाहेर होतं, जसं सगळ्यांचं असतं. उजवं पार आडवं पडलं होतं. भूल देणाऱ्यानं विचारलं की उतरवू का आता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "फोटो काढताना वाटी समोर होती ना?"

"होती, साहेब," मी म्हणालो.

ते किती सहज माझ्या तोंडून गेलं, हे मला अजून खुपतं. विचार करून खोटं बोललो असतो तर निदान खोटं बोलतोय हे तेव्हाच कळलं असतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते स्वतःशीच म्हणाले, "मग मीच चुकलो कुठंतरी." त्या संध्याकाळी त्यांनी कागदी हाडं पुन्हा टेबलावर मांडली होती. मी दारातून पाहिलं आणि गाडी पकडायला निघून गेलो.

दोन-तीन दिवसांत पुन्हा उघडावं असं त्यांच्या मनात होतं. पण नडगीवरची कातडी आधीच पातळ. हाडवैद्याच्या गरम लेपानं भाजून तिथं जुने डाग पडलेले, त्यात सूज. टाक्यांची एक कड काळी पडायला लागली. आता उघडलं तर जखमेचं तोंड मिटणार नाही आणि पू हाडापर्यंत जाईल, असं त्यांनी नवऱ्याला स्वच्छ सांगितलं. वाक गेलाय, पीळ राहिलाय, तो काढायचा तर हाड पूर्ण जुळू द्यावं लागेल आणि मग पुन्हा एक ऑपरेशन.

"म्हंजी दसरा?" नवऱ्यानं विचारलं.

"या दसऱ्याला नाही."

ती खाटेवर बसून होती. पाय उशीवर. ती पावलाकडे बघत म्हणाली, "फळी रुंद असती सायेब. मी आडवी आडवी चढंन." मी मशीनची वायर गुंडाळत राहिलो.

पावसाळ्यात ती दर महिन्याला येत राहिली. हाड जुळत होतं, जरा लवकरच जुळत होतं. मी फोटो काढायचो, या वेळी फक्त पट्टीच्या भागाचे, त्याला वाटीबिटीची गरज नसते. ती काठी घेऊन यायची, मग एकदा काठीशिवाय आली. चालताना पाऊल असं बाहेर फेकलं जायचं की तिच्या शेजारून चालणाऱ्याला अंतर ठेवावं लागायचं. तिसऱ्या खेपेला नवऱ्यानं बाहेरच्या बाकावर मला सांगितलं की घरामागं भिंतीला फळी लावून दिलीय. सकाळी कुणी उठायच्या आत ती डोक्यावर पाचटाचा भारा घेऊन चढायला बघते. "चार पावलं जाती," तो म्हणाला. "पाचव्याला ते पाऊल फळीच्या भाईर पडतंय. दोनदा पडली. म्या म्हणलं ऱ्हाऊ दे, तर ऐकत न्हाई."

"आईला समजावा की तुमच्या," मी म्हणालो.

"आई काय करंल? मुकादम एकट्याला घेत न्हाई." त्यानं हे कुणावर रागावून म्हटलं नाही. तोही वाईट माणूस होता असं मला लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो बायकोला दर महिन्याला जीपमधून आणत होता, उतरताना तिचा दंड धरत होता, आणि तिच्या बहिणीशी लग्न करायला नाही म्हणत नव्हता.

त्या दिवसांत डॉक्टरांना खरं सांगावं असं मला रोज वाटायचं. पण सांगून पाय काही वळणार नव्हता, अशी मी माझी समजूत घालायचो. आणखीही एक समजूत होती, की डॉक्टरांनी तिला पालथं झोपवून बघायला हवं होतं, चूक काही माझ्या एकट्याची नाही. दोन्ही समजुती खऱ्या आहेत. त्यांनी माझी झोप मात्र सुधारली नाही. बायकोनं विचारलं काय झालंय, तर मी तिच्यावर खेकसलो.

श्रावणानंतर ती आलीच नाही. दिवाळी होऊन गेल्यावर, एका सकाळी, ती एकटी आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर, तसंच बाहेर फेकलं जाणारं पाऊल. मी केस-पेपर घेताना विचारलं, "मालक नाही आले?"

"कारखान्याला गेलेत."

मी केस-पेपरवर तारीख घातली. पुढचं तिनंच सांगितलं. "धाकटी गेलीय संगं. भादव्याच्या आधीच लगीन उरकलं, देवळात. मालकाचा फोन आलता परवा. चांगली चढती म्हणं फळी."

मावशी तिथंच उभी होती. ती एरवी कुणाला गप्प बसू देत नाही, पण त्या वेळी तिनं नुसता बाईच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरांनी खुब्यापासून घोट्यापर्यंत नवा फोटो मागितला होता. ती पायरीवर उभी राहिली. या वेळी मी म्हणालो, "दोन्ही गुडघे दिसले पाहिजेत. साडी पार वर घ्या." मावशी पुढं होईपर्यंत तिनं साडी दोन्ही हातांनी उचलून, गोळा करून, कमरेला खोचून टाकली होती. एका झटक्यात, माझ्याकडे न बघता, सवयीच्या हातांनी. दोन्ही वाट्या उघड्या. मी गुडघा धरून समोर केला आणि उजवं पाऊल आडवं गेलं, आणि तिनं ते तसंच जाऊ दिलं. वाटी समोर आहे का ते मी दोनदा पाहिलं आणि मगच बटण दाबलं.

डॉक्टरांनी फोटो पाहिला. हाड पक्कं झालं होतं. पट्टी काढून, हाड पुन्हा कापून, पाऊल फिरवून बसवता येईल, असं त्यांनी सांगितलं. ते एक पैसाही घेणार नव्हते, तेही सांगितलं. ही माझी चूक आहे बाई, मला ती दुरुस्त करू दे, असं ते म्हणाले. चाळीस वर्षं लोकांची हाडं जुळवणारा माणूस असं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"आता कुणासाठी, सायेब?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठी."

"मला चालता येतंय."

ती उठली, नमस्कार केला आणि बाहेर आली. जीपला वेळ होता म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसली. मी तिच्यापाठोपाठ आलो होतो. माझ्या हातात तिचा मोठ्या पाकिटातला फोटो होता, तो द्यायचं निमित्त होतं. मी शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. डॉक्टरांची चूक नाही, पहिला फोटो मीच चुकीचा काढला. गुडघा उघडा पाहिजे होता, मी उघडायला सांगितलं नाही. त्या फोटोवरून पीळ कळलाच नाही. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. हे सगळं मी एका दमात बोललो, आणि डॉक्टरांना हे मी आजही सांगितलेलं नाही. त्यांनी इथं वाचलं तर वाचोत.

तिनं विचारलं, "कावून न्हाई सांगितलं उघडायला?"

"लाज वाटली."

"कुणाला?"

"मला."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. काहीतरी न समजणारं ऐकल्यासारखं. "उसात गुडघ्याच्या वर खोचूनच असतोय आमी दिसभर," ती म्हणाली. "मुकादम तिथंच, डायवर तिथंच. कुणाला काय." मग माझ्या हातातलं पाकीट घेऊन मांडीवर ठेवत ती म्हणाली, "मीबी धरलता पाय सरळ त्या दिशी. लई वाकडा दिसला तर डॉक्टर न्हाई म्हणतील, असं वाटलं मला. तुमी म्हणला असता तर सोडला असता."

समोर रस्त्यावर जीपवाला गावांची नावं ओरडत होता. ती उठली, पाऊल बाहेर टाकत दोन पायऱ्या उतरली आणि खालून वळून म्हणाली, "इच्यारायचं की ओ, काका. पोरगी आज शाळंत असती."